संरक्षण संशोधन व विकास

देशाच्या संरक्षणासाठी लागणारी शस्त्रे, संवेदक, वाहने, दळणवळणाची साधने आणि त्यांमागचे पदार्थ व संगणकप्रणाली शोधणे, त्यांचे नमुने बनवणे आणि ते सैनिकाच्या हाती देण्याइतके भरवशाचे करणे, या साऱ्या कामाला संरक्षण संशोधन व विकास म्हणतात. नावातल्या ‘संशोधन’ शब्दाकडे लक्ष जाते. वेळ, पैसा आणि मनस्ताप मात्र बहुतेक ‘विकास’ या शब्दातच खर्ची पडतो.

युद्धासाठी शास्त्रज्ञांना हाताशी धरणे जुनेच. पण त्याची मोठी, शिस्तबद्ध यंत्रणा दुसऱ्या महायुद्धात उभी राहिली. त्या काळाचा मासला म्हणजे रडारसाठी लहरी निर्माण करणारा पोकळी-मॅग्नेट्रॉन. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये तो चालवून दाखवला. तांब्याचा छोटा ठोकळा, मधोमध आरपार भोक आणि त्याभोवती गोलाकार कोरलेल्या पोकळ्या, एवढेच त्याचे रूप. पण त्यातून सुमारे १० सेंमी. तरंगलांबीच्या जोरकस लहरी निघत आणि विमानात मावेल असे रडार त्यामुळे आवाक्यात आले. त्याच वर्षी हेन्री टिझर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या शिष्टमंडळाने एक नमुना अमेरिकेला नेला. तिथे बेल प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी त्याचा एक्स-रे काढला, तर आराखड्यात सहा पोकळ्या आणि हातातल्या नगात आठ! इंग्लंडला फोन गेला तेव्हा उलगडा झाला: बनवलेल्या बारा नगांपैकी शेवटच्यात आठ पोकळ्या करून पाहिल्या होत्या आणि नेमका तोच पाठवला गेला होता. मग आठच कायम ठेवायच्या असे ठरले. कागद आणि वस्तू यांचा मेळ न बसणे हे या क्षेत्रातले जुने दुखणे, ते असे पहिल्यापासूनचे. पुढे अखंड तांबे कोरत बसणे फार वेळखाऊ ठरले. रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी पातळ पत्र्यांतून आकार कापून त्यांचे थर एकमेकांना जोडण्याची युक्ती काढली आणि उत्पादन कितीतरी पटींनी वाढले. याच स्पेन्सर यांच्या नावावर मायक्रोवेव्ह ओव्हनही जमा आहे.

शांततेच्या काळात हे काम कसे चालवावे, याची वेगवेगळी उत्तरे देशांनी दिली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्या धक्क्यातून अमेरिकेत फेब्रुवारी १९५८ मध्ये ‘आर्पा’ ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था निघाली. तिचेच आजचे नाव ‘डार्पा’. तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळा नाहीत. काही वर्षांसाठी नेमलेले कार्यक्रम-व्यवस्थापक विद्यापीठांना आणि कंपन्यांना पैसा देऊन काम करवून घेतात. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले ‘आर्पानेट’ याच पैशातून १९६९ मध्ये सुरू झाले. त्यावरचा पहिला संदेश दोन अक्षरांनंतरच तुटला होता. भारतात १९५८ मध्येच ‘डीआरडीओ’ ही संरक्षण संशोधन व विकास संघटना स्थापन झाली, पण तिचा घाट वेगळा: देशभर पसरलेल्या स्वतःच्या प्रयोगशाळा. तिच्या ‘अग्नी’ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी २२ मे १९८९ रोजी झाली. वातावरणात परतताना क्षेपणास्त्राचे टोक भयंकर तापते; ते तगवणारे कार्बन संयुक्त-पदार्थाचे आवरण देशातच विकसित करावे लागले. ‘तेजस’ या लढाऊ विमानासाठीच्या ‘कावेरी’ जेट इंजिनाचे मात्र गणित जमले नाही. विमान पुढे ढकलणारा ठरलेला रेटा मिळेना, वजन घटेना. ‘तेजस’ने ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण केले ते अमेरिकी इंजिनावर. याची थट्टा करणे सोपे आहे. पण टर्बाइनच्या पात्यांवरून जाणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असतो. म्हणून ते पाते एकाच स्फटिकाचे ओततात आणि त्याच्या आतून थंड हवेचे बारीक मार्ग काढतात. ही कला अगदी मोजक्या देशांना साधली आहे.

कल्पना कितपत पिकली आहे हे मोजायला ‘नासा’ने रूढ केलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. पहिल्या पायरीवर नुसते तत्त्व असते, नवव्या पायरीवर प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेली यंत्रणा. अनेक प्रकल्प मधल्या पायऱ्यांवर अडकतात: प्रयोगशाळेचे काम संपलेले, कारखाना अजून पैसे घालायला तयार नाही. शिवाय चाचण्या असतात. उपकरण ३५ अंश तापमानात पाच टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात ठेवतात, थरथरत्या टेबलावर हादरवतात, कडाक्याच्या थंडीतून एकदम उष्णतेत आणतात. टेबलावर उत्तम चालणारा रेडिओ इथे एका सैल जोडणीपायी नापास होतो.

हे ज्ञान देशांदेशांत अडवलेही जाते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेने किमान ५०० किग्रॅ. भार किमान ३०० किमी. नेऊ शकणाऱ्या प्रणालींच्या निर्यातीवर कडक बंधने घातली. भारत २०१६ मध्ये तिचा सदस्य झाला. पण गुप्ततेचा हिशेब नेहमी चोख नसतो. प्योत्र उफिम्त्सेव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने धारदार कडांवरून लहरी कशा विखुरतात याचे गणित १९६२ मध्ये उघडपणे छापले. अमेरिकेत त्याचे भाषांतर झाले, लॉकहीड कंपनीतल्या गणितज्ञाने ते वाचले आणि १९८१ मध्ये रडारला चकवणारे एफ-११७ उडाले. तेव्हाचे संगणक वक्र पृष्ठभागांचा हिशेब करण्यात कमी पडत, म्हणून ते विमान सपाट पैलूंचे, हिऱ्यासारखे दिसते. १९९० मध्ये उफिम्त्सेव्ह शिकवायला गेले ते कॅलिफोर्नियाला.