हरीण कुठं बसतं?

गेल्या ऑक्टोबरात भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत, विस्कॉन्सिनला असतो. "मामा, ऑफिसातली मंडळी हरणाच्या शिकारीला चाललीत, मीपण जातोय. कोर्स केला, लायसन काढलं. पण जागा ज्याची त्यानं शोधायची म्हणे. तू दाजीपूरच्या रानात एवढा हिंडतोस. सांग की, हरीण नेमकं घावतं कुठं?"

मी जरा वेळ गप्पच बसलो. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नुसता मारण्याचा प्रयत्न केला, फास लावला, तरी ती शिकारच धरली जाते. तिकडं नोव्हेंबरच्या शेवटी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. पांढऱ्या शेपटीची हरणं देशभर तीन कोटींच्या घरात आहेत, आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ पासून वन्यजीवांसाठीच खर्च होतो. मला शिकारीचं आकर्षण नाही. पण त्याचा प्रश्न बंदुकीचा नव्हताच, हरणाच्या पोटाचा होता. आणि त्याचं उत्तर बिबट्याला, रानकुत्र्याला आणि बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर डुलक्या काढत प्राणी मोजणाऱ्या माझ्यासारख्याला सारखंच लागू पडतं.

हरीण रवंथ करणारं जनावर. उघड्यावर चरताना जिवाला धोका, म्हणून ते भराभर खातं, फारसं न चावता गिळतं आणि आडोशाला जाऊन बसतं. तिथं तो घास परत तोंडात आणून निवांत चघळतं. म्हणजे त्याच्या दिवसाच्या दोन जागा झाल्या, एक चरायची आणि एक बसायची. नवखा माणूस सकाळी दहाला गाडीतून उतरतो, हिरवंगार कुरण बघतो आणि तिथंच डोळे लावून बसतो. त्या वेळी हरीण अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर करवंदीच्या जाळीत जबडा हलवत पडलेलं असतं. शोधायची असते ती या दोन जागांमधली वाट, आणि तीही पहाटे आणि दिवेलागणीला, जेव्हा हरीण तिच्यावरून चालत असतं.

ही वाट बहुतेक वेळा काठानं जाते. एका प्रकारचं रान संपून दुसरं सुरू होतं त्या पट्ट्यात खाणं आणि लपण हाताशी असतात. आल्डो लिओपोल्ड या अमेरिकी वनशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये हे नीट मांडून ठेवलं. आपल्या जुन्या शिकाऱ्यांना ते न मांडताही ठाऊक होतं. दाजीपूरला सडा नि राई जिथं भेटतात तिथं उभं राहा. एका बाजूला जांभ्या दगडाचा उघडा माळ, पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत. दुसऱ्या बाजूला दहा पावलांत अंधार. मधल्या झुडपांच्या पट्ट्यात सांबराच्या खुरांनी रुळलेली वाट दिसेल, माणसाच्या पायवाटेपेक्षा अरुंद आणि वर फांद्यांनी झाकलेली. कमरेतून वाकल्याशिवाय आपल्याला तिच्यातून जाता येत नाही.

बसायची जागा ओळखायची एक खूण मला फार आवडते. हिवाळ्यात आवळे पिकून गळतात. भेकरं ते अख्खे गिळतात. गर पोटात जातो, पण आठळी दगडासारखी, ती रवंथ करताना तोंडातून बाहेर टाकली जाते. त्यामुळं आवळ्याचं झाड आसपास कुठंच नसताना एखाद्या जाळीखाली धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ आठळ्यांचा छोटा ढीग दिसला, तर समजावं, इथं कुणीतरी बसून जेवण पचवलंय. पालापाचोळा दबलेला असतो, आणि नशीब असेल तर हात लावल्यावर अजून कोमट लागतो. त्यातल्या काही आठळ्या पुढं तिथंच रुजतात. हरीण असं नकळत आवळ्याची लागवड करत फिरतं.

ठशांचं शास्त्र मोठं आहे, पण नवख्याला दोनच गोष्टी पुरतात. पहिली, कुणाचा ठसा. गव्याचा खूर रुंद आणि गोलसर, सांबराचा लांबट, पुढं निमुळता. भेकराचा अंगठ्याच्या पेराएवढा. पिसोरीचा तर इतका चिमुकला की कोकराचाही त्याच्यापुढं मोठा वाटावा. हे जनावरच जेमतेम तीन किलोचं. दुसरी गोष्ट म्हणजे कधीचा. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात. ऊन-वाऱ्यानं त्या ढासळतात, आत पाचोळा पडतो. लेंड्यांचंही तसंच, ताज्या काळपट-हिरव्या आणि चकचकीत, मग पोपडे धरतात. पावसाळ्यात हा हिशेब साफ कोलमडतो. शेणकिडे आणि पाणी दोघं मिळून पुरावा कधी नाहीसा करतील सांगता येत नाही, म्हणून माग काढायला मी दिवाळीनंतरच जातो.

आता वारा. भाच्याला मी सगळ्यात जास्त वेळ यावरच बोललो. हरणाला डोळ्यांनी फसवता येतं. त्याला लाल-केशरी रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, म्हणून तर तिकडचे शिकारी माणसांना लांबून दिसावेत असे भडक केशरी अंगरखे घालून बिनधास्त बसतात (निळ्या जीन्सची काळजी जास्त, निळा त्याला चांगला दिसतो). कानांनाही क्वचित चकवता येतं. नाकाला नाही. आणि डोंगरातला वारा दिवसभर एका दिशेचा राहत नाही. रात्री उतारावरची हवा थंड होते, जड होते आणि ओढ्यानं पाण्यासारखी खाली वाहते. ऊन चढलं की तीच हवा तापून उताराला धरून वर चढते. दुपारी हरीण बऱ्याचदा उताराच्या वरच्या अंगाला बसतं ते यासाठीच. खालचा वास वाऱ्यानं आपोआप वर येतो आणि नजर खाली ठेवता येते. आपण खालून चढत गेलो की आपल्या आधी आपला वास पोचलेला असतो. संध्याकाळी सगळं उलटं. मी खिशात चुलीतली राख पुरचुंडीत ठेवतो, अधूनमधून चिमूटभर सोडतो. तिकडं त्यासाठी पावडरची बाटली विकत मिळते म्हणे.

हे सगळं झाडीतल्या हरणांचं. आमच्या कोल्हापूरच्या दरबाराची गाजलेली शिकार याच्या बरोबर उलट्या जागेची होती. पाळलेले चित्ते, पुढं तर आफ्रिकेतून आणवलेले, काळविटांवर सोडले जायचे, आणि त्याला लागायचं सपाट मोकळं माळरान. काळवीट खरं तर हरीणच नव्हे. सांबराची भरीव शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची पोकळ शिंगं जन्मभर राहतात. त्याचा भरवसा लपण्यावर नाही, नजरेवर आणि पायांवर. म्हणून ते आडोसा टाळून, चारी बाजूंचं दिसेल अशा ठिकाणी उभं राहतं. बैलगाडी रोजची असल्यानं तिला मात्र ते बिचकायचं नाही, आणि चित्ता डोळ्यांवर टोपी चढवून गाडीतूनच जवळ नेला जायचा. जागा शोधण्यापेक्षा ओळखीचं सोंग घेणं, हे त्या शिकारीचं खरं तंत्र. दाजीपूरचं रानही संस्थानाचं शिकारीचंच होतं. १९५८ मध्ये ते गव्यांचं अभयारण्य झालं. तिथं माग काढणं आजही चालतं, वाट बघणंही तेच. फक्त शेवटी वहीत नोंद करून उठायचं.

तर भाच्याला मी सांगितलं, नकाशातल्या उंचीच्या रेषा बघ. दोन टेकड्यांमधली खिंड शोध, जिच्या एका अंगाला मक्याची शेतं असतील आणि दुसऱ्या अंगाला दाट झाडी. हंगामाच्या आधी एकदा जाऊन ये, ठसे बघ, ओकच्या झाडांखाली फळं पडलीत का बघ. गठ्ठ्यानं माणसं येतात त्या रस्त्यापासून लांब बस. आणि वारा, वारा, वारा.

नोव्हेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला. जागा बरोबर निघाली होती. पहाटेपासून तो खिंडीच्या वरच्या अंगाला बसला, वारा तोंडावर, सगळं पुस्तकातल्यासारखं. पण थंडी इतकी की हातमोजे काढवेनात, म्हणून पावडरची बाटली दिवसभर खिशातच राहिली. चार वाजता ऊन उतरलं. साडेचारला एक मादी आली.

"मामा, ती खालनं आली. वीस पावलांवर. मी हललो नाही, श्वास धरला होता. तिनं मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या, जोरात फुरफुरली, शेपटी उभी केली आणि गेली."

"वारा?" मी विचारलं.

"पाठीवर होता," तो म्हणाला. "कधी फिरला कळलंच नाही."