भुकेचा छायाचित्रकार: सुनील जाना

बंगालच्या दुष्काळाचं नाव निघालं की हाडांचे सापळे झालेली जी माणसं डोळ्यांसमोर येतात, त्यांतली बरीचशी सुनील जाना यांच्या कॅमेऱ्यातून आलेली आहेत. जाना १९१८ साली दिब्रुगढला जन्मले, वाढले कोलकात्यात. इंग्रजी साहित्याचा हा विद्यार्थी फोटो काढायचा तो निव्वळ हौसेपोटी. १९४३ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी त्यांना दुष्काळी बंगालमध्ये घेऊन गेले आणि शिक्षण मागेच राहिलं.

आदल्या वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यामुळे तिथला तांदूळ थांबला होता. शत्रूला वापरता येऊ नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीवरच्या होड्याही काढून घेतल्या, म्हणजे कोळ्याची मासळी गेली आणि धान्याची वाहतूकही. त्यात महागाई भडकली. वीस ते तीस लाख माणसं गेली असावीत, असं साधारणपणे मानलं जातं.

जानांचे फोटो छापले ते पक्षाच्या, मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकाने. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना पाठिंबा दिल्यामुळे १९४२ मध्ये पक्षावरची बंदी उठली होती, म्हणून हे साप्ताहिक उघडपणे निघू शकलं. 'चले जाव'ला विरोध केल्याबद्दल पक्षाला शिव्या खाव्या लागल्या, पण त्याच तडजोडीमुळे ही भूक लोकांपर्यंत पोचली, हेही नाकारता येत नाही. या फोटोंची पोस्टकार्डं विकून मदतनिधी उभा केला गेला.

जाना मुंबईत पक्षाच्या कम्यूनमध्ये, म्हणजे कार्यकर्त्यांच्या सामायिक घरात, राहायला आले. पुढे 'लाइफ' या अमेरिकन नियतकालिकाची छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट भारतात आली, तेव्हा दक्षिणेतल्या दुष्काळी भागात दोघांनी मिळून काम केलं.

१९४८ मध्ये जोशी पदावरून गेले, सरचिटणीसपदी बी. टी. रणदिवे आले आणि जानांचा पक्षाशी असलेला धागा तुटला. कोलकात्यात त्यांनी स्टुडिओ थाटला. पोटापाण्यासाठी पोलाद कारखाने, धरणं, खाणी टिपल्या. आदिवासींचे फोटो मात्र मनापासूनचे. त्यासाठी आदिवासींचे अभ्यासक व्हेरिअर एल्विन यांच्यासोबत ते हिंडले. या फोटोंतली माणसं ताठ उभी दिसतात. उपाशी माणसासमोर कॅमेरा धरताना वाटलेली लाज जानांनी पुढे बोलूनही दाखवली होती. ती या फोटोंत उतरली असावी, असं मला वाटतं.

२०१२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ते वारले. पद्मभूषण त्याच वर्षी जाहीर झालं होतं.