बिअर आंबली का मुरली? बुडबुडे थांबले म्हणजे काहीच कळत नाही

दर दोन-तीन आठवड्यांनी घरी बिअर बनवणाऱ्या आमच्यातला कोणीतरी नवा गडी फोटो पाठवतो, बकेटच्या झाकणावरचा एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी पाण्याची झडप), आणि खाली एकच ओळ, "बुडबुडे थांबले, आता एजिंगला ठेवली." नाही रे बाबा, एजिंगला नाही ठेवलीस तू, अर्धवट काम सोडून गॅरेजमध्ये ढकललीस.

फरमेंटेशन, कंडिशनिंग, एजिंग हे शब्द लोक इतके कालवून वापरतात की मलाही पहिली दोन वर्षं धड कळलं नव्हतं. पण आपल्याकडे याला घरातलेच दोन शब्द आहेत की, आंबणं (फरमेंटेशन) आणि मुरणं (एजिंग)! इडलीचं पीठ आंबतं, लोणचं मुरतं. पीठ मुरलं असं कोणी म्हणतं का? आंबायला जिवंत काहीतरी लागतं, त्याला खायला लागतं आणि ऊब लागते. मुरायला मुख्यतः वेळ लागतो, आणि बिअरच्या बाबतीत गारवा.

आंबण्याचं फार सांगत नाही, किटच्या कागदावर असतंच. मॉल्ट एक्स्ट्रॅक्टचे (मोड आणलेल्या बार्लीचा घट्ट पाक) दीड-दीड किलोचे दोन डबे, १९ लिटर पाणी, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), तासभर उकळी, गार करून ११ ग्रॅमचं एल (उबेत आंबणारी बिअर) यीस्टचं पाकीट. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तितका आकडा मोठा) साधारण १.०४७ येते. खोली १८ अंशाच्या आसपास ठेवा, २२ नको, कारण जोरात आंबताना बकेटच्या आत तीन-चार अंश जास्तच असतात.

मुरण्याचंही दोन ओळीत. ९-१० टक्क्यांची बार्लीवाइन, जाड काळी स्टाउट, नाहीतर लागर (जर्मनमध्ये त्या शब्दाचा अर्थच साठवणं) यांना महिने द्या, फरक पडतो. साधी साडेचार टक्क्यांची पेल एल किंवा आयपीए (भरपूर हॉप्सची पेल एल) मुरवत बसू नका, हॉप्सचा वास उडून जातो आणि हातात गोड मॉल्टचं पाणी राहतं. आयपीए सहा महिने ठेवून "मॅच्युअर झाली" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

आता खरा घोळ. बुडबुडे थांबल्यापासून पुढचे पाच-सहा दिवस. बाहेरून बघाल तर काहीच घडत नसतं, फेस खाली बसलेला, एअरलॉक गप्प, आणि माणसाला वाटतं चला, आंबणं संपलं, मुरणं सुरू. तसं नसतं. हे दिवस अजून आंबण्याचेच आहेत. सुरुवातीच्या धांदलीत यीस्टनेच डायसेटिल करून ठेवलेलं असतं, लोण्यासारखा, मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नसारखा वास येतो तो, आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड, कच्च्या हिरव्या सफरचंदाची चव. हा स्वतःचा पसारा यीस्ट शेवटी स्वतःच आवरतं, पण त्यासाठी ते जागं पाहिजे, म्हणजे उबेत पाहिजे, आणि बिअरमध्ये पुरेसं पाहिजे. पाचव्या दिवशी बकेट गार गॅरेजमध्ये नेलीत की यीस्ट झोपलं आणि लोणी राहिलं. मग "मुरेल हळूहळू" म्हणून चार महिने ठेवा नाहीतर वर्ष, गारठ्यात ते जात नाही, कारण आवरणाराच झोपलाय. माझी दुसरी बॅच अशीच गेली, आणि मी तीन महिने मित्रांना सांगत होतो की थांबा, अजून यंग आहे.

म्हणून या दिवसांत खोली उलट दोन अंश वाढवायची, २०-२१ करायची. सगळे नेमकं याच्या उलटं करतात.

आणि एअरलॉकवर विसंबणं म्हणजे शिट्ट्या मोजून डाळ शिजली ठरवणं. कुकरची रिंग सैल असेल तर शिट्टी होतच नाही, डाळ मात्र शिजत असते. बकेटचं झाकण नीट बसलं नसेल तर गॅस कडेनं जातो, एअरलॉक पहिल्या दिवसापासून मुका. उलट आंबणं संपल्यावर खोली तापली तर बिअरमध्ये विरघळलेला गॅस सुटतो आणि एअरलॉक पुन्हा बोलायला लागतो, यीस्टनं काही खाल्लेलं नसताना.

हायड्रोमीटर घ्या. ग्रॅव्हिटी मोजणारी काचेची नळी आहे, महाग नाही. आज १.०१४, तीन दिवसांनी परत १.०१४ आणि जीभेला लोणी लागत नाही, तर संपलं आंबणं. आकडा कॅल्क्युलेटरशी जुळलाच पाहिजे असं नाही, एक्स्ट्रॅक्टची बिअर पुष्कळदा थोडी वरच थांबते कारण त्यातली न आंबणारी साखर कारखान्यातच ठरलेली असते. आकडा हलतोय का एवढं बघायचं. १.०२० वर अडकली वाटली तर ऊब द्या, बकेट हलकेच गोल फिरवा, झाकण उघडून ढवळू नका. आणि रिफ्रॅक्टोमीटरनं (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) बघत असाल तर थांबा, एकदा अल्कोहोल आलं की तो दुरुस्ती केल्याशिवाय जास्तच दाखवतो.

एवढं का डोकं खातोय? ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट (०.००१) म्हणजे बाटलीत साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस (बिअरच्या निम्म्या मापाचा). चार पॉइंट शिल्लक असताना भरलीत तर प्रायमिंगच्या (बाटलीत गॅस यावा म्हणून घातलेल्या साखरेच्या) अडीच व्हॉल्यूमवर अजून दोन चढतात, आणि साध्या बाटलीला तीनच्या पुढे भरवसा नाही. माझ्या तीन बाटल्या कोटांच्या कपाटात रात्री दोन वाजता फुटल्या. बायकोच्या लोकरीच्या कोटातून काचा वेचत बसलो होतो, आणि ती एक शब्दही बोलली नाही, जे जास्त वाईट.

दुसऱ्या कार्बॉयमध्ये (मोठ्या बरणीत) ओतून "सेकंडरी" करायची जुनी पद्धत, एक आठवडा-दोन आठवडे-तीन आठवडे वगैरे, साध्या एलला काही गरज नाही. यीस्टवरून लवकर काढता आणि वर हवा लावता, मग ओल्या पुठ्ठ्याची चव येते. तीन-चार आठवडे त्याच बकेटमध्ये राहिली तर काही बिघडत नाही.

गंमत म्हणजे बाटलीत भरल्यावरचे पहिले दोन आठवडे, ज्याला सगळे बिनधास्त एजिंग म्हणतात, तेही आंबणंच आहे, छोटंसं. १९ लिटरला १२० ग्रॅम डेक्स्ट्रोज (प्रायमिंगची साखर) घातलंय, ते यीस्टला खायचंय, म्हणून बाटल्या २१ अंशाला. भरल्या भरल्या फ्रिजमध्ये ठेवून "फ्लॅट झाली, एक्स्ट्रॅक्टच खराब" म्हणणारे मला दर थंडीत भेटतात. एक्स्ट्रॅक्ट खराब असतो तेव्हा वेगळं कळतं, जुन्या डब्यातल्या पाकाला शाईसारखी कडवट-गोड चव येते, आणि तीही मुरून जात नाही. मी आता पाकाऐवजी पावडरच वापरतो, टिकते तरी.

(हे सगळं न्यू जर्सीतून. इथे १९७८ ला कार्टरनी सही केल्यापासून केंद्राचा कायदा दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन करू देतो, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बनवणं गुन्हा आहे, तेव्हा पुण्यातल्या भावांनी नुसतं वाचा.)

बाटल्या झाकणाच्या प्लास्टिक खोक्यात ठेवा, कोटांपासून लांब. चौदाव्या दिवशी एक फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी उघडा. फुस्स झालं तर बाकीच्याही फ्रिजमध्ये न्या, नाही झालं तर अजून आठवडाभर बाहेरच.