झांकीचा मूर्तिकार (इंदूर)

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात; त्यांतल्या हलत्या मूर्ती घडवणारा हा कारागीर. मराठीत ज्याला आपण हलता देखावा म्हणतो, तीच ही झांकी. बोटांत मूर्तिकाराची माती आणि डोक्यात फिटरचा हिशोब, दोन्ही असल्याशिवाय या कामात कुणाचा निभाव लागत नाही.

ही प्रथा १९२०च्या दशकात हुकुमचंद मिलमधून सुरू झाली. मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्याही पुढे त्यात उतरल्या. सार्वजनिक गणेशोत्सव महाराष्ट्रातून आला खरा, पण मूर्तीला हालचाल मिळाली ती गिरणीमुळे. लेथ, पट्टे, गिअर आणि ते हाताळणारे कामगार तिथे हाताशीच होते.

या कामाची खरी परीक्षा आशीर्वाद देणाऱ्या हातात होते. मिनिटाला १४४० फेरे घेणारी मोटार ६०:१च्या गिअरबॉक्सने २४ फेऱ्यांवर येते, चेनचक्राने १२वर. म्हणजे दर पाच सेकंदांनी हात एकदा वर जाऊन खाली येतो. याहून जलद झाला तर देव घाईत दिसतो. चाकाच्या फिरण्याने हात वर-खाली करणारी दांडी खांद्याच्या आसापासून १० सेंटिमीटरवर जोडली आणि हात ६० सेंटिमीटरचा असला, तर दांडी १० सेंटिमीटर सरकताच तळवा ६० सेंटिमीटर सरकतो. पण तळव्याचे वजनही दांडीवर सहापटीने येते. म्हणून धड प्लास्टरचे असले तरी हात कागदाच्या लगद्याचा, आतून पोकळ. खांद्याची फट शेल्याखाली जाते, कोपराची बाजूबंदाखाली. दागिना कुठे घालायचा हे इथे सांधा ठरवतो, आणि या कलेतले मला सर्वांत सुंदर वाटते ते हेच.

शिकाऊ मुलगा आधी लगदा कुटतो, साचे भरतो. चेहरा आणि यंत्र या दोन गोष्टी त्याच्या हाती सर्वांत शेवटी येतात. १९९१मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, इतरही गिरण्या थांबल्या. तरी कामगारांनी वर्गणी आणि मदत गोळा करून झांक्या चालू ठेवल्या. छोट्या हालचालींना मोटारगाडीच्या वायपरची मोटरही चालते, कारण तिच्यात वेग कमी करणारे गिअर आधीच असतात.

रस्त्याचे धक्के हा झांकीचा मोठा शत्रू. एकावर एक दोन नट आवळलेले असले तरी ते सैल होतात. म्हणून जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत गाडीच्या बाजूने कुणीतरी पाना घेऊन चालत असतो.