पशुदान, मिशन व मदतकार्यातील

परदेशात सेवाकार्यासाठी गेलेल्या मिशनने किंवा मदतसंस्थेने तेथील गरजू कुटुंबाला जनावर विकत घेऊन देण्याची पद्धत. दूध, अंडी, मांस, शेतकाम किंवा विक्रीतून होणारी कमाई असा हेतू असतो. शेळ्या, मेंढ्या, गायी, डुकरे आणि कोंबड्या सर्रास दिल्या जातात. आंदीज पर्वतात लामा व अल्पाका, तर काही भागांत मधमाश्यांच्या पेट्याही. धान्याचे पोते संपते आणि जनावर वाढते, हा यामागचा साधा हिशेब. तो खरा आहे, पण अर्धाच. जनावर वाढते ते रोज खाऊनपिऊन, आणि तो खर्च दान मिळाल्या दिवसापासून घेणाऱ्याच्या माथी असतो. फसलेल्या बहुतेक प्रकल्पांचे मूळ या उरलेल्या अर्ध्या हिशेबात सापडते.

पूर्वपीठिका

गरजवंताला जनावर देणे ही मिशनांची कल्पना नव्हे. नायजरमधील वोडाबे पशुपालकांत दुष्काळात कळप गमावलेल्याला आप्तेष्ट गाय वापरायला देतात. तिची दोन-तीन वेते त्याची, गाय मात्र मूळ मालकाकडे परत. या रीतीला हब्बनाए म्हणतात आणि पुढे तेथील मदतसंस्थांनी तीच उचलली. बोत्स्वानातील माफिसा ही रीतही याच जातीची. या देवघेवीला दुसरी बाजूही होती. रवांडात उबुहाके पद्धतीत गाय देणारा धनी आणि घेणारा त्याचा आश्रित बनत असे. ती 1954 मध्ये बंद करण्यात आली. जनावराबरोबर उपकाराचे दावेही गळ्यात पडते, हे अशा समाजांना कोणी बाहेरून येऊन शिकवावे लागत नाही.

आधुनिक संघटित पशुदानाची सुरुवात साधारणपणे डॅन वेस्ट या अमेरिकन शेतकऱ्यापासून धरतात. चर्च ऑफ द ब्रेदरन या शांततावादी पंथाचा हा कार्यकर्ता यादवी युद्धाच्या काळात स्पेनमध्ये मदतकार्यात होता. भुकेल्या मुलांना दूध वाटताना, कपभर दुधापेक्षा गायच दिली तर, असा विचार त्याच्या मनात आला. 1944 मध्ये 17 कालवडींची पहिली खेप पोर्तो रिकोला गेली. या उपक्रमातून पुढे हेफर इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. गाभण कालवड द्यायची, म्हणजे घरात थोड्याच दिवसांत दूधही येते आणि वासरूही; आणि पहिली मादी वासरे दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची, ही अट तेव्हापासूनची. दुसऱ्या महायुद्धानंतर 1945 ते 1947 या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाने उद्ध्वस्त युरोपात बोटी भरभरून घोडे, गायी आणि खेचरे पाठवली. समुद्रात त्यांची देखभाल करायला सुमारे 7,000 माणसे गेली. त्यांत शेतकऱ्यांची पोरे होती तसेच गाय जवळून कधी न पाहिलेलेही होते.

ब्रिटनमध्ये 1988 साली ख्रिस्ती शेतकऱ्यांनी सेंड अ काऊ ही संस्था काढली. दुधाच्या उत्पादनावर युरोपीय कोट्याची मर्यादा आल्याने धडधाकट गायी कापाव्या लागत होत्या, आणि तिकडे युद्धातून सावरणाऱ्या युगांडात दूध नव्हते. तेव्हा गायी विमानाने युगांडाला रवाना झाल्या. 1996 मध्ये गायींच्या मेंदूरोगामुळे ब्रिटिश गुरांची निर्यात थांबली आणि संस्थेला आफ्रिकेतच गुरे घेणे भाग पडले. एका अर्थाने ते बरेच झाले. आज जाणत्या संस्था सहसा जनावरे समुद्रापार नेत नाहीत. पैसा जातो, जनावर तिथल्याच बाजारात मिळते.

खरेदी

पशुदानाचे यशापयश बहुतांशी खरेदीच्या वेळीच ठरते, आणि नेमके हेच काम मिशनच्या फिरत्या पथकाला सर्वांत कमी येते. आठवड्याच्या बाजारात परदेशी पाहुणे वीस-तीस शेळ्या घ्यायला आले, ही बातमी त्यांच्या आधी पोचते. भाव चढतो. दलाल म्हातारी, भाकड, वारंवार गाभडलेली किंवा कासेला गाठी असलेली जनावरे पुढे करतात, कारण कळपातली चांगली मादी कोणीही सहजासहजी विकत नाही. भाव वाढल्याचा फटका त्या दिवशी स्वतःच्या पैशाने शेळी घ्यायला आलेल्या स्थानिक गरिबाला बसतो. दानाच्या अहवालात त्याची नोंद नसते. म्हणून खरेदी थोडी थोडी, अनेक गावांतून, स्थानिक पशुवैद्य किंवा मुरलेल्या पशुपालकाच्या हातून करवून घेणे इष्ट. पाहुण्याने बाजारात न दिसणेच उत्तम.

पारखण्याच्या गोष्टी जगभर जवळजवळ सारख्याच. वय दातांवरून कळते : गाय साधारण दोन वर्षांची झाली की पहिले दोन कायमचे दात येतात, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास आठही पुरे होतात. सड मोकळे हवेत, कास मऊ, डोळे स्वच्छ, चाल लंगडी नको. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी; ती पांढुरकी दिसली तर जंतांनी रक्त शोषले आहे असे समजावे. घेतलेली जनावरे वाटपापूर्वी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवणे, जंतनाशक पाजणे आणि लस टोचणे आवश्यक असते. दोन आठवड्यांसाठी आलेल्या पथकाला हे जमत नाही, म्हणून ते सकाळी घेतात आणि दुपारी वाटतात. शेळ्यामेंढ्यांची पीपीआर ही साथ एका आजारी शेळीबरोबर गावात शिरली तर दान मिळालेलीच नव्हे, शेजाऱ्यांचीही जनावरे जातात. कोंबड्यांच्या बाबतीत मानमोडीचे तेच.

जातीची निवड हा वेगळाच पेच आहे. जास्त दूध देणारी विदेशी किंवा संकरित गाय छायाचित्रात शोभते. पण पूर्व आफ्रिकेत गोचिडांमुळे होणारा ईस्ट कोस्ट ताप आणि त्सेत्से माशीमुळे होणारा रोग तिला स्थानिक गुरांपेक्षा लवकर लोळवतो. चारशे किलोच्या दुभत्या गायीला रोज 10 ते 12 किलो सुका, म्हणजे हिरव्याच्या हिशेबात सुमारे 40 ते 50 किलो चारा आणि 50 लिटरहून अधिक पाणी लागते. जिथे घरातली बाई दोन कोसांवरून घागरी आणते, तिथे ही गाय तिच्यासाठी दुसरी नोकरीच. वैरण कापणे आणि पाणी वाहणे बहुधा बायका-मुलांच्याच वाट्याला येते, विक्रीचा पैसा मात्र पुष्कळदा पुरुषाच्या हाती जातो. म्हणूनच अनुभवी संस्था पहिले दान शेळी किंवा कोंबडीचे करतात आणि ते बाईच्या नावावर करतात. शेळी पाच महिन्यांत विते, अनेकदा जुळी देते, आणि अडीअडचणीला विकता येते. गायीला नऊ महिने लागतात आणि एक पाय विकता येत नाही.

हैतीतील डुकरे

बाहेरची जात लादली तर काय होते याचा धडा हैतीत मिळाला. डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग 1978 च्या सुमारास, हैती ज्यावर आहे त्या हिस्पॅनिओला बेटावर पोचला. तो उत्तर अमेरिकेत पसरू नये म्हणून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पाठबळाने हैतीतील झाडून सारी काळी क्रिओल, म्हणजे तेथील गावठी, डुकरे मारण्यात आली. ही डुकरे काटक होती, उष्ट्या-खरकट्यावर आणि पडलेल्या फळांवर जगत. शेतकऱ्याची बचत, मुलांच्या शाळेची फी, लग्न-मयताचा खर्च सारे त्यांच्यावर चाले. बदली म्हणून अमेरिकेतून आणलेल्या गुबगुबीत गोऱ्या डुकरांना स्वच्छ पाणी, विकतचे खाद्य आणि छपराचे गोठे लागले. मालकांच्या घरांवर धड छप्पर नव्हते. हैतीतल्या लोकांनी या डुकरांना चार पायांचे राजपुत्र म्हणायला सुरुवात केली. ही मोहीम सरकारी होती, मिशनची नव्हती. पण जनावराचा खर्च आधी मोजला नाही की काय होते ते यातून दिसते.

कुटुंबाची निवड आणि अटी

सर्वांत गरीब कुटुंबालाच जनावर द्यावे, हे ऐकायला न्याय्य वाटते. अडचण अशी की सर्वांत गरीब घराकडे जमीन नसते, चारा नसतो, आणि घरी थांबून जनावर सांभाळायला माणूस नसतो. रवांडा सरकारने 2006 मध्ये सुरू केलेल्या गिरिंका कार्यक्रमात गाय मिळण्याआधी कुटुंबाने गोठा बांधणे आणि चाऱ्यासाठी थोडी जमीन राखणे अपेक्षित होते. पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची, ही अटही होती. अट शहाणपणाची असली तरी तिच्यामुळे भूमिहीन मागे राहतात, आणि त्यांच्यासाठी निराळी सोय करावी लागते. निवड गावसभेत उघडपणे झाली तर कुरबुर कमी होते. चर्चच्या पाळकाने (पाद्र्याने) किंवा मिशनच्या दुभाष्याने बंद दाराआड यादी केली की नातेवाईक आधी, आणि चर्चला येणारे त्यांच्या पाठोपाठ.

मिशनच्या पशुदानातला सर्वांत अवघड प्रश्न इथेच आहे. शेळी आणि सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावरून दिली गेली तर घेणाऱ्याला दोन्हींचा संबंध लावणे भागच पडते, देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी आपत्तीतील मदतीसाठी 1994 मध्ये मांडलेल्या आचारसंहितेत मदतीचा उपयोग राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. अनेक ख्रिस्ती संस्थांनी ती स्वीकारली आहे. छोट्या पथकांनी तिचे नावही ऐकलेले नसते.

देणाऱ्याने विचारल्याशिवाय दिलेले दान नाकारलेही जाते. 2016 मध्ये बिल गेट्स यांनी हेफर इंटरनॅशनलमार्फत गरीब देशांना एक लाख कोंबड्या देण्याचे जाहीर केले. त्या देशांत आपले नाव पाहून बोलिव्हियाच्या सरकारने ते धुडकावले. आमच्याकडे कुक्कुटपालन चांगले चालते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते.

परिणाम

रवांडातील हेफरच्या वाटपाचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गाय मिळालेल्या घरांत दुधाचे आणि शेळ्या मिळालेल्या घरांत मांसाचे सेवन वाढले. याहून व्यापक पुरावा बांगलादेशातील ब्रॅक संस्थेने 2002 मध्ये सुरू केलेल्या अतिदरिद्री कार्यक्रमाच्या धर्तीवर उभा आहे. त्यात जनावराबरोबर प्रशिक्षण, काही महिन्यांचा निर्वाहभत्ता, बचत आणि घरी येऊन विचारपूस हे सारे असते. सहा देशांत या नमुन्याची चाचणी झाली आणि 2015 मध्ये निष्कर्ष आले : उत्पन्न व खाणेपिणे वाढले आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही टिकून होते. होंडुरासमध्ये मात्र चित्र फिके होते, कारण तेथे बहुतेकांनी घेतलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या. घानात काही कुटुंबांना बाकी काही न देता फक्त शेळ्या दिल्या, तेव्हा टिकाऊ फायदा दिसला नाही. शेळी तीच होती. सोबतचा भत्ता आणि भेटी नव्हत्या.

भटक्या पशुपालकांचे गणित आणखी वेगळे. त्यांना एक-दोन शेळ्या देऊन काहीच होत नाही, कारण त्यांचे घर कळपावर चालते. केन्याच्या उत्तर भागात 1980 च्या दशकात दुष्काळानंतर कळप पुन्हा उभे करताना कुटुंबामागे काही डझन शेळ्यामेंढ्या द्याव्या लागल्या. अशा कामांसाठी आणीबाणीतील पशुधनविषयक मार्गदर्शक मानके 2009 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. जनावरे देण्याआधी चारा, पाणी आणि पशुवैद्य यांची खात्री करा, हा त्यांचा सूर.

टीका

वर्ल्ड व्हिजन, सॅमॅरिटन्स पर्स, ऑक्सफॅम यांच्या भेटवस्तूंच्या कॅटलॉगमधून नाताळात शेळी देण्याची चाल रुळली आहे. तुमचे पैसे नेमक्या त्या शेळीवरच जातात असे नाही, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि लबाडीचा आरोप त्यावरूनच होतो. संस्थांची बाजूही समजण्यासारखी आहे : गावाला या वर्षी शेळीऐवजी लस हवी असेल तर पैसा तिकडे वळवता यायला हवा. मात्र दात्याला हे ठळक अक्षरांत सांगायला हरकत नसावी. 2006 मध्ये ब्रिटनमधील अ‍ॅनिमल एड आणि वर्ल्ड लँड ट्रस्ट या संस्थांनी वेगळा मुद्दा काढला, की कोरड्या प्रदेशांत शेळ्या वाढवणे म्हणजे उरलीसुरली हिरवळ ओरबाडणे. बांधून, कापून आणलेल्या चाऱ्यावर पाळलेल्या शेळीला हा आक्षेप फारसा लागू होत नाही. मोकाट चरणाऱ्या कळपाला होतो.

रोख रक्कमच का देऊ नये, हा अलीकडचा प्रश्न. पैसे मिळाले की बरीच कुटुंबे त्यांतले काही जनावरांवरच घालतात, आणि ती स्वतः पारखून, घासाघीस करून. जिथे बाजार भरतो तिथे पशुदानाला हा पर्याय तगडा आहे. दुष्काळानंतर जिथे बाजारात मादीच मिळेनाशी होते, तिथे तो लंगडा पडतो. या दोहोंमधला मार्ग म्हणजे कुपनावरचा पशुबाजार. ठरलेल्या दिवशी व्यापारी व पशुपालक आपली जनावरे आणतात, पशुवैद्य दारातच तपासून कानाला बिल्ला मारतो, कुटुंबे हाती दिलेल्या कुपनांवर पसंतीचे जनावर घेतात आणि विकणारा संध्याकाळी कुपने देऊन रोख रक्कम नेतो. भावाची बोलणी घेणारा आणि विकणारा यांच्यातच होतात. मिशनकडे मग पशुवैद्याचा मेहनताना, लस आणि पुढच्या वर्षभराच्या औषधांचा खर्च एवढे उरते.