शेत त्याच्या नावावर, ती चर्चच्या वहीत

वसईच्या पट्ट्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती शेतकऱ्याला घराण्याचा इतिहास विचारला की दोन सालं ठरलेली: १५३४ आणि १७३९. पहिल्या साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली, दुसऱ्या साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत आपले पूर्वज ख्रिस्ती झाले, एवढं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण मी आजी-आजोबांचा माग काढायला बसले तेव्हा ही सालं फारशी कामाला आली नाहीत. सुभेदार आणि सुलतानांच्या इतिहासात भाजीचा मळा करणारं एक जोडपं कुठे सापडायचं? ते सापडलं दोन दप्तरांत, आणि तेही अर्धं अर्धं.

पहिलं दप्तर तलाठ्याचं. आजोबांच्या बाजूने जायचं तर ही वाट बरीच सरळ आहे. सातबारा, त्यामागचे फेरफार, आणि मग जुने कागद. आमच्याकडच्या जमिनीच्या इतिहासात १९४८चा कूळकायदा हा मोठा टप्पा. त्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं कायद्याने मालकीला पात्र झाली. त्या काळातला फेरफार वाचताना पणजोबा 'कूळ' होते हे मला पहिल्यांदा कळलं. घरात ते कधीच कुणी बोललं नव्हतं. आमची वाडी आमचीच, असंच ऐकत आम्ही वाढलो.

त्या वाडीचं अर्थकारण मात्र कागदावर येत नाही. केळी, पानवेल, वालपापडी, फुलं, आणि या सगळ्यांना पाणी पाजणारं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं. रहाट होता तोवर बैल गोल फिरायचे, पुढे इंजिन आलं. १२ एप्रिल १८६७ला विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली आणि इथल्या शेतकऱ्याला मुंबईचा बाजार हाताशी आला. पुढच्या पिढ्यांतल्या किती बायकांनी पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या वाहिल्या, याची नोंद कुठल्याच नमुन्यात नाही. आजी त्यांतलीच एक. आजोबांनी पिकवायचं आणि तिने विकायचं, असं त्यांचं वाटप होतं. रुपया तिच्या कनवटीला असायचा, पण सातबाऱ्यावर आजोबा गेले त्या दिवसापर्यंत तिचं नाव नव्हतं. त्यानंतर ते चढलं, वारस म्हणून, मुलांच्या नावांबरोबर.

म्हणून तिच्यासाठी दुसरं दप्तर उघडावं लागलं, चर्चचं. यामागचा इतिहास माझ्या मते कुठल्याही तहापेक्षा आमच्या जास्त जवळचा आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ साली नियम केला की लग्न धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदारांसमोरच लागलं पाहिजे आणि ते वहीत लिहिलं गेलं पाहिजे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता-पित्यांची नावं लिहिण्याचा दंडकही तिथलाच, कारण त्यांच्याशी जुळणारं आध्यात्मिक नातं पुढे लग्नाला आड येऊ शकत असे. हेतू वंशावळ ठेवण्याचा नव्हता. चोरून लागणारी लग्नं आणि नात्यातली लग्नं थांबवायची होती. पण त्यामुळेच शेतकऱ्याच्या मुलीचं नाव, तिच्या आईबापांसकट, कागदावर येऊ लागलं.

त्याहून मोलाची गोष्ट १९०८ची. त्या वर्षी ईस्टरपासून लागू झालेल्या रोमच्या आदेशानुसार, माणसाचं लग्न कुठल्याही धर्मग्रामात, म्हणजे कुठल्याही चर्चच्या हद्दीत, होवो, ते त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहून ठेवायचं ठरलं. आजीचा बाप्तिस्मा तिच्या माहेरच्या चर्चमध्ये झालेला. ते पान मी पाहिलं. मूळ ओळी काळ्या शाईच्या, आता तपकिरी पडलेल्या, आणि समासात वेगळ्या हाताने, बारीक अक्षरात, आजोबांचं नाव, लग्नाची तारीख, गावाचं नाव. कागद कडेला इतका ठिसूळ झालेला की धर्मगुरूंनी पान उलटताना खाली पुठ्ठा धरला. सासरी आलेल्या बाईची माहेराशी जोडलेली अशी कागदी गाठ महसुलाच्या दप्तरात मला कुठेच दिसली नव्हती.

वाचताना अडचणी खूप येतात. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत आहेत, घरातली भाषा मात्र कादोडी. वहीतला 'जोझे' अंगणात 'जुजे' असतो, 'इनासियो'चा 'इनास', 'काएतानो'चा 'कैतान'. आडनावं तर फसवतातच. रॉड्रिग्ज, परेरा, लोपीस ही बाप्तिस्म्याबरोबर आलेली आडनावं, बहुतेक धर्मपित्याची किंवा धर्मगुरूची. त्यामुळे एकाच गावातली दोन लोपीस घरं रक्ताची असतीलच असं नाही. खरी ओळख आळीने आणि घराच्या टोपणनावाने पटते, आणि ती सांगायला म्हातारं माणूसच लागतं. माझी कळकळीची विनंती आहे, ज्यांच्या घरात अजून असं कुणी आहे त्यांनी आधी त्यांच्याजवळ बसावं. वह्या थांबतील, ती माणसं थांबणार नाहीत.

लग्नाच्या नोंदीत कधी कधी 'सूट दिली' असा शेरा आढळतो. १९१७च्या धर्मसंहितेप्रमाणे दोघांचे पणजोबा एकच असले तरी लग्नाला मनाई होती आणि सवलत मागावी लागे. चार गावांतच सोयरिकी जुळायच्या तिथे असे शेरे यायचेच. संशोधकाला मात्र तो शेरा म्हणजे घबाड. ज्या पणजोबाचं नाव सापडत नाही तो नवरा-बायको दोघांकडूनही शोधता येतो. मृत्यूच्या वहीतूनही धागे मिळतात. १८९६ला मुंबईत प्लेग आला, १९१८ला इन्फ्लुएन्झा. त्या वर्षांपाठोपाठ बिजवराचं लग्न दिसलं, तर सावत्र भावंडांचं कोडं पुष्कळदा तिथेच सुटतं.

आजीच्या बाबतीत शेवटी मला पुन्हा तलाठ्याच्याच दप्तराकडे वळावं लागलं. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी समान. म्हणजे देशभरातल्या हिंदू मुलींना २००५ साली वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका हक्क मिळाला, त्याच्या ऐंशी वर्षं आधीपासून आमच्या बायकांचा हक्क कायद्यात लिहिलेला होता. आजीचे वडील वारले तेव्हाच्या फेरफारात तिचं नाव आहे, भावांच्या खाली, बहिणींबरोबर. पुढच्याच फेरफारात तिघी बहिणींचं हक्कसोडपत्र. तीन अंगठे आहेत, आजीचा मधला. आणि त्यानंतरच्या सातबाऱ्यावर त्या तिन्ही नावांना कंस आहे, नाव कमी केल्याची खूण.