हीट रायझर

हीट रायझर म्हणजे कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) पेट्रोल इंजिनात, इंजिन गार असेपर्यंत, एक्झॉस्टच्या (जळून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या) उष्णतेने इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे ते मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्या, तापवणारी व्यवस्था. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेल ट्रक काढले आणि पुढे पेट्रोलचे ट्रक मागे पडत गेले. त्याआधीच्या डॉज, फार्गो, शेवरोले ट्रकांत आणि विलीज जीपमध्ये ही व्यवस्था असे. डिझेल गाडीचा हीटर प्लग वेगळा: तो सेल्फ मारण्याआधी तापतो. हीट रायझरला उष्णता मिळते ती इंजिन उठल्यावरच, त्यामुळे गाडी सुरू करण्यात त्याचा काही वाटा नाही. ते काम चोकचे. हीट रायझर सांभाळतो पुढची दहा मिनिटे.

पेट्रोल वाफ होऊन जळते, आणि वाफ होताना उष्णता ओढून घेते. हातावर सांडलेले पेट्रोल गार लागते ते याचमुळे. कार्बोरेटरमध्ये हेच घडते आणि आत जाणारी हवा १५ ते २० अंशांनी उतरू शकते. मॅनिफोल्डही गारच असेल तर फवाऱ्यातले थेंब भिंतीला चिकटून ओघळतात. मग एका सिलिंडरला पेट्रोल जास्त, दुसऱ्याला नुसती हवा. गाडी खोकते, रेस धरत नाही. चोक ओढून पेट्रोल वाढवता येते, पण न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल धुऊन खाली उतरते आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले ऑईल पातळ करते.

ओलसर हवेत तर १० अंशांनाही कार्बोरेटरच्या घशात बर्फ धरू शकतो. नाशिकचा हिवाळा मात्र कोरडा, त्यामुळे इथला खरा त्रास बर्फाचा नव्हे, ओघळणाऱ्या पेट्रोलचा. निफाडला पारा ५ अंशांखाली जातो, पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि त्याच दिवशी दुपारी शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात. म्हणजे तापवणारी व्यवस्था वेळेवर थांबलीही पाहिजे.

एका रांगेत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनात दोन्ही मॅनिफोल्ड बहुधा एकाच बाजूला असतात, वर इनटेक, खाली एक्झॉस्ट. दोन्ही जिथे जोडलेले असतात तिथे, कार्बोरेटरच्या बरोबर खाली, एक्झॉस्टमध्ये एक झडप असते. तिच्या दांड्याला बाहेरून एक वजन आणि दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग. गार असताना स्प्रिंग झडप अशी धरते की जळालेला गॅस इनटेकच्या बुडावर आदळून मग सायलेन्सरकडे जातो. तापल्यावर स्प्रिंग सैल पडते, वजन आणि गॅसचा दाब झडप फिरवतात आणि गॅस सरळ निघून जातो. ना वायर, ना केबल. व्ही-८ इंजिनात (दोन बाजूंना चार-चार सिलिंडर) गॅस इनटेकमधल्याच आडव्या वाटेने एका बाजूकडून दुसरीकडे जातो. काही इंजिनांत त्याऐवजी रेडिएटरचे गरम पाणी इनटेकभोवती फिरवतात. ते तापायला वेळ लागतो. नंतरच्या गाड्यांत एक्झॉस्टवरच्या पत्र्याच्या टोपीतून गरम हवा पाइपने एअर क्लीनरला देत.

बिघाड बहुतेक एकच, झडप जाम होणे. काजळी आणि गंज दांड्यात बसतो. सरळ वाटेवर जाम झाली तर सकाळी चोक लवकर ढकलता येत नाही आणि पेट्रोल जास्त लागते. तापवण्याच्या बाजूला जाम झाली तर गोष्ट गंभीर. कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढताना मिश्रण तापून विरळ होते, गाडी ओढत नाही, कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळू लागते. ड्रायव्हर इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकतो, पण मूळ दुखणे मॅनिफोल्डमध्येच राहते. पुष्कळ मिस्त्री झडप वेल्डिंग करून कायमची सरळ ठेवतात. घाटापुरता हा इलाज बरा, डिसेंबरच्या पहाटे नाही.

तपासणी इंजिन पूर्ण गार असताना करतात. वजन बोटाने फिरवून सोडले की ते स्प्रिंगच्या जोराने जागेवर परत यायला हवे. दांड्याला साधे ऑईल लावू नये, ते उष्णतेने जळून डिंकासारखे घट्ट बसते, ग्रॅफाइट चालते. घट्ट बसलेला दांडा हलक्या हाताने, दोन्ही टोकांना आळीपाळीने ठोकून सोडवतात; जोराचा घाव बसला तर बिडाच्या मॅनिफोल्डला तडा जातो.